घंटेतला बिघाड

चियातुरात दरी इतकी खोल
की गाव दोन मजल्यांवर राहतं.
खाली नदी, बाजार, शाळा;
वर मँगनीजच्या खाणी आणि खाणवाल्यांची घरं.
मध्ये तार.
तारेला लोंबणारा निळ्या पत्र्याचा डबा
आणि डब्यात, स्टुलावर, लामारा.

नियम साधे. वरून दोन ठोके आले की निघायचं.
एक आला तर थांबायचं.
तीन ठोक्यांना नियम नाही.
तीन आले तर नोंदवहीत लिहायचं, तारीख घालून:
घंटेत बिघाड.
ते तिनं वेळोवेळी लिहिलेलं आहे.

फेरीला सहा मिनिटं. सहा मिनिटांत चार पानं,
वारा असेल तर तीन.
या हिशोबानं सातही खंड तिनं एकदा संपवले होते,
पंचवीस वर्षांमागे, वीज सारखी जायची तेव्हा.
डबा दरीवर अधांतरी थांबायचा, प्रवासी शिव्या घालायचे,
आणि तिला एक अख्खं प्रकरण फुकट मिळायचं.
तेव्हा घाई होती.
राखेचा राजा मरतो का, बर्फाखालचं शहर सापडतं का,
ती पानांवरून धावली
बाजारात पोर हरवलेल्या बाईसारखी:
सगळे चेहरे बघत, एकही न पाहता.

आता शेवट ठाऊक आहे. आता कुठं ती वाचतेय.

पहिला खंड, पान एकेचाळीस.
पोरगा नदीशी येतो. कुणीतरी त्याला पार नेतं.
नाणं घेत नाही. एवढंच विचारतं:
‘त्यांनी तुझं नाव काय ठेवलंय?’

लामाराचं बोट ओळीवरच राहिलं.
‘तुझं नाव काय’ नव्हे.
त्यांनी काय ठेवलंय.
असं कोण विचारेल?
आधीचं नाव ज्याच्या ओठांवर अजून ओलं आहे, ते.

तिच्या भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द.
त्या शब्दाची घोंगडी पांघरून
मेलेली समजलेली राणी, त्या पोराची आई,
सहा खंड वल्हं मारत बसली होती.
मराठीत हे सांगताना माझी पंचाईत.
‘नावाडी’ म्हणावं तर खोटं,
‘नावाडीण’ म्हणावं तर गुपित फुटलं.
मला ‘कुणीतरी’च्या आड लपावं लागलं;
तुमच्या लक्षात आलं का, वर?

मग एकातून एक निघत गेलं.
कुत्रा ज्याच्यावर भुंकला नव्हता, तो.
नकाशाचा वाळवीनं खाल्लेला नेमका तोच कोपरा.
अंगाईतलं एक कडवं जास्तीचं.
सगळं उघड्यावर पडलं होतं, उन्हात वाळत घातल्यासारखं.

त्याच आठवड्यात, तारेला वंगण कधी लावलं होतं
ते बघायला तिनं कपाटातली जुनी नोंदवही काढली.
अकरा डिसेंबर. तीन ठोके. घंटेत बिघाड.
चौदा डिसेंबर. तीन ठोके. बिघाड.
एकवीस जानेवारी. तीन ठोके. मेकॅनिकनं घंटा उघडली,
दोष सापडला नाही.
सगळ्या नोंदी संध्याकाळच्या.
सगळ्या, वरच्या स्टेशनवर गुरामीची पाळी होती त्या दिवसांच्या.
मार्चमधली शेवटची:
वरचा माणूस बदलला. घंटा आता ठीक.
अक्षर तिचंच. ‘ठीक’खाली रेघ.

गुरामी रुस्तावीला पोलादाच्या कारखान्यात गेला
असं कुणीतरी तिला म्हणालं होतं.
ऐकता ऐकता तिनं पान उलटलं होतं.
कुठलं, ते आता आठवत नाही.

रात्री डबा खालीच बांधून ठेवतात,
आणि बंद झाल्याचे दोन ठोके वर द्यायचे असतात.
तिनं साखळी ओढली. एक. दोन.
नदीचा आवाज येत होता.
तीन.

वरून लगेच फोन. नवा पोरगा, बेसो:
‘लामारा मावशी, घंटा बिघडली का?’

‘हो,’ ती म्हणाली. ‘वहीत लिही.
तारीख घाल.’