ऐंशीच्या वर नेऊ नये

नव्या टायरला मिसरूड असतं,
बारीक, काळं, रबराचं.
शर्विल पासलकरच्या जीपचे चारही टायर
मी हात फिरवून बघितले.
कडेचं मिसरूड अजून तसंच,
मधलं मात्र साफ,
डांबराने तासलेलं.
म्हणजे ही गाडी चिखलात एकदाही उतरली नव्हती.

तक्रार एवढीच,
"ताई, नव्वदला स्टीअरिंग थरथरतं."

माझं दुकान नऱ्ह्याच्या सर्व्हिस रोडला,
अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नायट्रोजन.
आत खड्डा, खड्ड्यात मुबीन,
आणि वर दिवसरात्र बोगद्याकडून येणारा उतार,
जो कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

चार इंच उचललेली गाडी.
खड्ड्यातून तिचं पोट दिसतं,
पोळ्याच्या बैलासारखं धुतलेलं.
बंपरला विंच, विंचची दोरी
अजून कारखान्याच्या गाठीत.
छपरावर फावडं.
फावड्यावर किमतीचा कागद.

मी म्हटलं, डोंगरात नेत नाहीस का रे?
तो हसला. "डोंगर होता की आमचा.
आज्याने प्लॉटवाल्याला दिला.
त्यातूनच तर ही आली."

टेस्टला मी बसले, तो शेजारी.
खेड शिवापूरला वळून परत.
खरं सांगते, आवडलं.
इतक्या उंचावरून
कंटेनरच्या ड्रायव्हरच्या कानातली बाळी दिसते.
त्या मोठ्या खाचांचा आवाज
आधी भुंग्यासारखा, मग गिरणीसारखा,
बोगद्यात तर आपल्याच पोटातून येतो.
साठ. ऐंशी.
एकशे दहा.
त्रेचाळीस वर्षांत माझ्या हाताखाली
एवढं काही कधी आलं नव्हतं.

बोगद्याबाहेर दरी पुलाचा सांधा.
पुढचं चाक आपटलं
आणि गाडीने मान हलवायला सुरुवात केली
नाही नाही नाही नाही नाही
स्टीअरिंग कोपरापर्यंत बडवत होतं.
ब्रेक दाबला नाही, एवढं शिकलेय.
पाय उचलला, दात आवळले, धरून राहिले.

डाव्या कडेला एक माणूस
पंक्चर झालेली स्कूटर ढकलत चाललेला,
हँडलला डबा, पायात स्लीपर.
त्याने वळून बघितलंही नाही.
त्याच्यात आणि आमच्यात
दोन हात असतील. अडीच म्हणा.
मिलिमीटर मोजून पोट भरते मी,
ते अंतर मात्र मला मोजवत नाही.

थरथर थांबली.
शर्विल खूश. "बघितलंत ना? हेच!"
डॉक्टरसमोर ऐनवेळी खोकून दाखवणाऱ्या
पोराच्या बापासारखा.

ट्रॅक रॉडचं बुश गेलं होतं. बदललं.
नटावर पिवळ्या रंगाची खूण केली.
बिलाच्या तळाशी, माझ्या अक्षरात:
ऐंशीच्या वर नेऊ नये.
त्याने वाचलं, मोठ्याने,
आणि म्हणाला, "पण तुम्हीच एकशे दहा नेलीत की, ताई."

यावर काय बोलणार.
त्याने जीएसटीसकट पैसे दिले,
मुबीनच्या हातावर पन्नास वेगळे.

आता रात्री गच्चीवरचे कपडे काढताना
तो आवाज ओळखता येतो.
इतर गाड्या सरसरतात, ही गुरगुरते.
भुंगा. मग गिरणी.
सांध्याशी पोचेपर्यंत मी हातातला टॉवेल पिळते,
वाळलेला असला तरी.
गेला.

कधीकधी त्याच्या मागून, बऱ्याच वेळाने,
एक स्कूटर जाते, दिवा नसलेली.
तीच की दुसरी, इतक्या वरून कळत नाही.
मुबीनला सांगून ठेवलंय,
हँडलला डबा लावलेली कुणी आली पंक्चरला,
तर पैसे घेऊ नकोस.
त्याने विचारलं, का?
मी म्हटलं, पाना दे.