वर्ग पहिला

यास्नाने कागद माझ्याकडे वळवला.
पोर चांगली आहे, नखं कुरतडते,
वाईट बातमी पेन्सिलीच्या उलट्या टोकाने दाखवते.
वजन एकोणऐंशी.
उंची एक मीटर बावन्न.
उंचीचा करायचा वर्ग,
त्याने वजनाला भागायचं,
उत्तर येतं ती मी :
चौतीस पूर्णांक दोन.

मार्चमध्ये मी एकोणनव्वद होते.
तेव्हा कागद म्हणाला, स्थूल, वर्ग दुसरा.
आता नोव्हेंबर. कागद म्हणतो,
स्थूल, वर्ग पहिला.
आठ महिने पोटाला चिमटा घेऊन अभ्यास केला
आणि दुसरीतून पहिलीत बसवलं.

"पण हे खूप छान आहे, दोन्या एदुविना!"
असेल.
तक्त्यातला रंग लालच होता,
जरा धुण्यात विटलेला.

मी वाद घातला नाही.
तीस वर्षं पोर्तालेसच्या धक्क्यावर मासळी विकते,
काट्याशी भांडणारे रोज बघते,
काटा ऐकत नाही कुणाचं.
माझ्या मापात पाप नसतं.
बर्फाचं पाणी निथळू देते,
परातीचं वजन आधी वजा करते,
मग मासा.

माझी परात कोण वजा करणार, एवढंच मनात आलं.
आईकडून आलेली ही रुंद हाडं,
तीन बाळंतपणं,
डाव्या गुडघ्यातलं पाणी.
रबरी बूट दाराशी काढले होते.
अंगठीही काढली, साबण लावून,
ती किती ग्रॅमची
हे विचारायची लाज वाटली.

शेजारीण सांगते,
दहा किलो काहीतरी समोर ठेव नि बघ,
केवढं उतरवलंस ते कळेल.
दुसऱ्या दिवशी ग्वालबेर्तो आला,
नातीच्या बाप्तिस्म्याला दहा किलो मेर्लुसा हवी म्हणाला.
तोलली. बघितली.
ढीगभर चंदेरी मासळी,
उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती.
त्यात माझं म्हणावं असं
काही ओळखू आलं नाही.
वर एक मासा घातला, रिवाजाप्रमाणे, फुकट,
आणि ग्वालबेर्तो म्हणाला,
"कमीच वाटतं गं."

संध्याकाळी घरी निघाले.
टेकडीला एकशे एकसष्ट पायऱ्या.
मोजायला मी शिकले ती यांच्यावरच,
आधी मुलं कडेवर, मग गॅसची टाकी,
मग फक्त मी, आणि तरी सगळ्यात जड.
खाली बंदरात क्रेन वाकून कंटेनर उचलत होती,
कुणी तिला विचारत नाही तिची उंची.
मनात चौतीस पूर्णांक दोन, चौतीस पूर्णांक दोन,
पावलागणिक,
दाढेत अडकलेल्या काट्यासारखं.

मागे नखांचा आवाज आला.
मिनिस्त्रो.
अठ्ठ्याऐंशीव्या पायरीवरचा,
एका कानाचा, कुणाचाच नसलेला कुत्रा,
धापा टाकत, रागावलेला.

अठ्ठ्याऐंशीवर मी बसते, हे ठरलेलं.
छाती भात्यासारखी चालते तोवर बसते,
चार कप्प्यांच्या पावातला एक कप्पा त्याचा,
तो चावतो, मी श्वास शोधते.
किती वर्षं, देव जाणे.
मी खाली बघितलं.
निळं मीटर, फुटलेली कुंडी,
आमची पायरी
बरीच खाली राहिली होती.
न बसता आले होते मी.
कधी, तेही कळलं नाही.

हे यास्नाला सांगायचं म्हटलं तर
कुठल्या रकान्यात लिहील ती?
मिनिस्त्रो तर सरळ नाराज होता.
त्याच्या हिशेबात मी
एक कप्पा पाव कमी भरले होते.

मग उतरले.
सव्वीस पायऱ्या, गुडघा धरत,
त्याच्या मागोमाग.
अठ्ठ्याऐंशीवर टेकले,
दमले नव्हते तरी,
आणि पिशवीत पाव शोधू लागले.