नऊ पायांचा खेकडा

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरलं.
हागी गावात, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
एकेचाळीस वर्षं मी कवळ्या केल्या.
कोळ्यांचे, मास्तरांचे, एका भिक्षूचेही दात
माझ्या टेबलावर रात्रभर हसत बसायचे.

ही परज मिळाली देवळापुढच्या जुन्या बाजारात,
ओगिताच्या टेम्पोमागे,
बिजागऱ्या आणि सायकलच्या घंट्यांच्या डब्यात.
तळहातात मावणारी लोखंडी चकती,
मधोमध पात्यासाठी फट,
कडेला लव्हाळ्यात शिरणारा खेकडा.
"तीन हजार," ओगिता म्हणाला, "वर एक घंटी फुकट."
मी घंटीही घेतली.

घरी भिंगाखाली पाय मोजले.
नांग्या धरून दहा हवेत. नऊच भरले.
दहावा कारागीर विसरला, की गवतात लपवला,
यावर मी आणि निवृत्त पोस्टमास्तर सुगिमोरी
तीन हिवाळे भांडलो.

लाल गंज खातो, काळा राखतो.
लाल काढायचा हरणाच्या शिंगाच्या टोकानं,
शेजारच्या काळ्याला जाग न येऊ देता.
मग सुती कापड. रोज रात्री,
रेडिओवर समुद्राचं हवामान सांगून होईपर्यंत.
दोन वर्षांनी लोखंडावर
वांग्याच्या सालीची झाक येते
आणि बायको विचारते,
"माझी पाठ कधी एवढी चोळली होतीस?"

पण मला धरून ठेवलं ते त्या फटीनं.
वरच्या आणि खालच्या टोकाला
तांब्याचे तुकडे ठोकून बसवलेले.
मी ओळखलंच: हे तर दात भरणं!
पातं बदललं, फट सैल पडली,
कुणीतरी तांबं घातलं, कानशीनं घासलं,
लावून पाहिलं, पुन्हा घासलं.
तांब्यावर ओरखडे तीन कानशींचे.
म्हणजे तीन तलवारी,
आणि तीन माणसं, ज्यांचा अंगठा
या खेकड्याच्या पाठीवर टेकला असेल.
कुणी कधी परजली का,
की नुसतीच कमरेला वागवली,
आणि शेवटी हुकूम निघाला तेव्हा
वजनावर विकली?
तांबं तेवढं सांगत नाही.

फटीच्या डावीकडे दोन अक्षरांची सही होती.
(कवळ्यांवर मी कधी सही केली नाही.
तोंड उघडून वाचणार कोण?)
परज टोकियोला पाठवली, जाणकारांकडे.
पाच महिन्यांनी परत आली, सोबत तीन ओळी:
काम जुनं.
काम चांगलं.
सही नंतरची, दुसऱ्या हाताची.
सुगिमोरी आठवडाभर फिरकला नाही,
माझ्या घरी जणू सुतक होतं.

सुतक आलं मे महिन्यात,
भिंतींपलीकडे मोसंब्यांना मोहर असताना.
फुसाए गेली.
आमच्याकडे दहनानंतर
लांब काड्यांनी अस्थी उचलतात,
पायांकडून डोक्याकडे.
जबड्यापाशी माझी काडी थांबली.
राखेत एक आकडा,
नखाएवढा, निळा-काळा पडलेला,
सांध्यात दुमडलेल्या पायासारखा.
मीच वाकवला होता, एकोणीस वर्षांपूर्वी.
तीनदा लावून पाहिला, तीनदा घासला.
चौथ्यांदा ती म्हणाली,
"आहे की नाही तेही कळत नाहीये."

"धातू बाजूला काढू का?" तिथल्या पोरानं विचारलं.
नको म्हणालो.

परवा सुगिमोरी आला.
खोटी सही घासून टाकतात काहीजण, म्हणाला.
मी म्हणालो, राहू दे,
त्या माणसालाही काहीतरी हवं असेल.
मग त्यानं भिंग घेतलं
आणि सवयीनं खेकड्याचे पाय मोजले.
"नऊच," तो म्हणाला, आणि भांडणाची वाट पाहत बसला.
मी चहाला आधण ठेवलं.