खुलासा

अठ्ठेचाळीस तासांत लेखी खुलासा द्या, असं पत्रात आहे.
पत्र मानेवाड्याच्या घरी आलं तेव्हा मी डाळ धूत होते.
लिहायला बसले तर पहिली ओळ हीच सुचली.
खोडली. खुलाशात डाळ चालत नसावी.

मी, रत्नप्रभा गजभिये, परिचारिका, सतरा वर्षं,
त्यातली नऊ रात्रपाळीची.
रात्रपाळी मी मागून घेतली.
मुलीचं बारावीचं वर्ष, आणि रात्रीला दीडशे जास्त मिळतात.

नवतपात तीन माणसं गेली :
सहा नंबर, अकरा नंबर आणि खोलकुटे काका.
तिन्ही रात्री हजेरीवर माझी सही.
समितीने त्या सह्यांभोवती लाल गोल काढलेत.
त्या महिन्यात आणखी बावीस रात्रींवर माझीच सही आहे.
तिथे पेन थांबला नाही.

विचारलंय : इन्सुलिन किती दिलं?
वहीत आहे.
विचारलंय : पोटॅशियमची एक कुपी कमी कशी?
मला माहीत नाही. कपाटाची किल्ली आम्हा तिघींकडे,
चौथी ऑफिसात, कॅलेंडरमागच्या खिळ्याला.
विचारलंय : रुग्णाशी काही वैर?

खोलकुटे काकांशी?
एम्प्रेस मिल बंद पडून जग बदललं,
तरी पहाटे तीनला त्यांना भोंगा ऐकू यायचा.
"बाई, भोंगा झाला नं वं? डबा दे, मी जाऊन राह्यलो."
मी स्टीलचा रिकामा डबा हातात द्यायची.
तो पोटाशी धरून ते झोपायचे,
पाळीवर वेळेत पोचल्यासारखे.
पुण्याचा मुलगा व्हिडिओ कॉलवर विचारायचा, बाबा डबा का धरून बसतात?
मी म्हणायची, असू द्या.
त्यानेच तक्रार केली आहे. केलीच पाहिजे, त्याचे वडील गेलेत.

पेपरात माझा फोटो आला, भाचीच्या लग्नातला, बाकीचे कापून.
खाली मथळा, मथळ्याशेवटी प्रश्नचिन्ह.
ढोबळेबाईंचं बीपी मी वर्षानुवर्षं जिन्यात बघून द्यायची.
आता मी दिसले की त्या पदर दंडावर ओढून घेतात.
सोबतची लिसी समितीपुढे म्हणाली, मला काही आठवत नाही.
तिची खोली संस्थेच्या हॉस्टेलात आहे.

आता जे कुणी विचारलं नाही.

एकोणतीसच्या रात्री लाइट गेली.
इन्व्हर्टरवर पंखे चालले, कूलर नाही.
सव्वीस खाटा, मी, आणि एक मावशी, तिलाच ताप.
दर दोन तासांनी कूस बदलायची असते :
डावी, पाठ, उजवी.
बाराला बदलली.
दोनला मी टबात चादरी बुडवून खिडक्यांना बांधत होते,
चारला वीस नंबरच्या घशात नळी घालून कफ ओढत होते.
तक्त्यावर मात्र दोनची खूण आहे. चारचीही आहे.
एकाच शाईत, एकाच दमात,
सकाळी सहाला स्टुलावर बसून केलेल्या.

काका रात्रभर एकाच कुशीवर होते.
तीनला त्यांनी डबा मागितला.
डबा कुठल्या खाटेखाली गेला ते अंधारात सापडेना.
मी लांबूनच ओरडले,
काका, आज मिलला सुट्टी आहे.
"अस्सं," म्हणाले.
साडेपाचला मी हात लावला.

ते कशाने गेले मला सांगता येणार नाही.
कुपीबद्दल मी खरंच बोलते आहे.
खुणांबद्दलही.

मुलीने दोन्ही पानं वाचली.
म्हणाली, पहिलं दे. दुसरं त्यांनी मागितलंच नाही, आई.
वकीलही हेच म्हणतील. वकिलाला द्यायला पैसे असते तर.

दुसरं पान तूर्त डाळीच्या डब्याखाली आहे.
मुदत उद्या दुपारी बारापर्यंत.