डेक चार, मधोमध

भुसावळात समुद्र विकायचा
म्हणजे आधी कूलरची टाकी भरून ठेवायची.
सत्तेचाळीस अंशांत गिऱ्हाईक
झेरॉक्सच्या दुकानावरचा माझा जिना चढून येतं,
आधी पाणी मागतं, मग जहाज.

मी विचारतो, किती जण, किती रात्री,
कन्नडच्या घाटात कोणाला मळमळतं?
हात वर करणाऱ्यांना खालच्या डेकवर, मधोमध.
एस.टी.ची मागची सीट कशी उडते
हे इथं प्रत्येकाच्या कमरेला ठाऊक आहे,
लाटांबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

सावद्याचे तुळशीराम वाघुळदे, केळीचे व्यापारी,
सुना, व्याही, भाचरं धरून एकतीस माणसं.
त्यांना मोठं जहाज: घसरगुंड्या, जादूगार,
मध्यरात्रीपर्यंत जेवण, सिंगापूरहून चार रात्री.
बंदर एकच बरं.
एकतीस जण उतरवून, मोजून, पुन्हा चढवायचे
यात दिवस जातो.
"भरताचं वांगं मियीन का तठी?"
मिळेल, म्हटलं, पण पऱ्हाट्यांवर भाजलेलं नसेल.
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
मग ॲडव्हान्स दिला.

नव्या जोडप्याला बाल्कनी.
नकाशा दाखवायचा नाही, ते बघत नाहीत.

बऱ्हाटे, मेलगाडीचे रिटायर्ड ड्रायव्हर,
बोट ठेवलं रिकाम्या चौकटीवर.
"हे काय, समुद्रात दिवस?"
त्या दिवशी जहाज कुठंच थांबत नाही.
"सिग्नल?"
नाही.
"मग असेच दिवस बघा."
छत्तीस वर्षं लोकांना उतरवून देणाऱ्या माणसासाठी
मी सतरा रात्रींत तीनच बंदरं असलेली वाट शोधली.
बाईंना तीन फार थोडी वाटली.
त्यांनी तिन्ही गावांचे बाजाराचे वार लिहून घेतले.

आणि कुमुद धांडे,
यावलच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. एकट्याच आल्या.
मी घसा साफ करून सांगितलं,
खोली दोघांची असते, एकट्याला जवळजवळ दुप्पट पडतं.
"म्हणजे रिकाम्या खाटेचं भाडं?"
तसंच म्हणा.
"ते मी घरी नऊ वर्षं भरतेय,"
विजेचं बिल सांगावं तशा म्हणाल्या.

तीन दिवस शोधलं.
सापडलं एक जुनं, लहानसं जहाज,
एकट्यांसाठी अकरा खोल्या, वाट नॉर्वेची.
पण खिडकी नाही, म्हटलं, चालेल?
"अहो, चैत्र-वैशाखात बारा ते पाच
खिडक्या लावूनच बसतो आपण सगळे.
समुद्र बघायला वर जाईन.
झोपायला अंधार बरा."
मग बोट नकाशावर, किनाऱ्याच्या फाटलेल्या काठावरून:
"हिमनदीनं कोरलेली, समुद्रात बुडालेली दरी.
तीन गुणांना यायची.
पोरं 'बुडालेली' लिहायला विसरायची,
मी एक गुण कापायचे."

पावती झाली. पिशवी खांद्याला लावता लावता म्हणाल्या,
"तुम्ही स्वतः कुठलं घेतलं असतं?"

सोळा वर्षं विकतोय.
कुठल्या खोलीच्या डोक्यावर रात्रभर नाचतात,
कुठल्या दारामागे लिफ्ट खडखडते,
कुठली बाल्कनी होडक्यांनी अडवलेली, सगळं पाठ.
समुद्र म्हणाल तर अलिबागला,
गुडघ्यापर्यंत, पँट दुमडून.

तोंड उघडलं.
कूलर कोरडाच घरघरत होता,
बादली घेऊन उठलो.

आलो तर त्या जिना उतरून गेलेल्या.
टेबलावर जहाजाचा आडवा नकाशा,
त्यात लाल पेनानं, वह्या तपासतात त्याच्यानं,
एका खोलीभोवती गोल.
डेक चार, मधोमध.

घाटात मलाही लागतं
हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.