तिसरी गोळी

खडेबाजारातल्या दुकानदारानं फडक्यानं पुसून दिली.
जुनी आहे, म्हणाला, पण पलटणीची.
दस्त्यावरचा नंबर कुणी खरवडलेला,
शेवटचा सात तेवढा शिल्लक.

जांबोटीच्या खाणीत काल तीन ओढल्या.
दोन वाजल्या.
तिसरीला नुसता खटका,
आणि दगडांत जी शांतता पडली
ती अजून खांद्याला दुखतेय.

मष्णूमामा म्हणाला, तेल सोड की, चालतंय.
परवान्यावर कानडीत माझं नाव, एक अक्षर चुकलेलं,
तेव्हा साहेबही म्हणालेले, चालतंय.

या सातनंबरीनं आधी
कुणाला कुठं उभं केलं असेल असं,
खटका ओढून?

रात्री माळ्यावर बसलोय.
खाली भातात डुकरं, चबक चबक.
बंदूक मांडीवर, भरलेली.
हात मात्र गोडेतेलाच्या डब्याकडं जातोय.
तो वाजतो.