रिकामे हात

दिवसभर सुगंधाक्का द्राक्षबागेत
पत्र्याचा डबा बडवते.
पाखरं हाकलायची रोजंदारी.
जाळीत गुरफटलेला बुलबुल
परवा तिनंच सोडवला,
मालकाला न सांगता.

पौषातली पहाट. तासगावावर धुकं.
नळाचं पाणी बोटं कापतं.
ती परसात येते,
रात्रीच्या भाकरीचा चुरा
आणि बेदाण्याच्या शेडवरचे, गेल्या सालचे
चार काळपट दाणे
कुंपणाच्या दगडावर ठेवते,
मागं सरते
शेवग्याच्या बुंध्याआड.

आधी चिमण्या. मग साळुंक्यांचं भांडण.
सगळं पांगल्यावर तो,
शेपटीचं एक पीस नसलेला.
दाण्याला शिवत नाही अजून.
मान तिरकी करून
तिच्याकडं बघतो.

डबा नाही, हे त्याला दिसावं म्हणून
ती पदरातले हात बाहेर काढते
आणि थंडीत
तसेच धरून ठेवते.